ऑर्डरी वाढल्या, आता सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? मराठवाड्यातल्या ऑनलाइन दुकानदारांसाठी

दिवसाला आठ-दहा ऑर्डरी असेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप, एक वही आणि फोनमधलं यूपीआय एवढ्यावर दुकान चालतं. चालू द्यावं. पंचवीस-तीस ऑर्डरी व्हायला लागल्या, पार्सलं बांधायला घरातलं दुसरं माणूस बसायला लागलं, की गोंधळ सुरू होतो. एकाचा पत्ता दुसऱ्याच्या खोक्यावर जातो आणि संपलेल्या मालाचे पैसे घेतले जातात. नेमका अशाच वेळी कुठल्या तरी कंपनीच्या सेल्सवाल्याचा फोन येतो: "सर, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये, वर्षभराचं आज भरलं तर तीस टक्के सूट." त्याला आठ दिवसांनी फोन करायला सांगा. तेवढ्या वेळात पुढची कामं होतात.

आधी एका ऑर्डरीचा रस्ता कागदावर काढा

समजा, वसमतहून हळद, मसाले आणि डाळी विकता. एक ऑर्डर घ्या आणि पहिल्या मेसेजपासून शेवटचा रुपया खात्यात पडेपर्यंत तिचं काय काय होतं ते लिहून काढा. भाव विचारला, पत्ता आला, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला, बँकेत पाहिलं, वहीत लिहिलं, माल काढला, पॅक केला, कुरिअरचा फॉर्म भरला, ट्रॅकिंग नंबर पाठवला, "दादा, माझं पार्सल कुठं अडकलं?" याला उत्तर दिलं, बिल केलं. प्रत्येक पायरीसमोर दोन गोष्टी टिपा: हे कोण करतं आणि कुठे लिहितं.

बहुतेकांचा पत्ता चार वेळा लिहिला जातो: व्हॉट्सअ‍ॅपवर, वहीत, कुरिअरच्या फॉर्ममध्ये, बिलावर. एकच गोष्ट जिथे तिसऱ्यांदा लिहावी लागते, तिथे सॉफ्टवेअरची गरज आहे. बाकी ठिकाणी ती हौस.

मग त्याच कागदाच्या मागे तीन शब्द लिहा: माल, गिऱ्हाईक, पैसा. प्रत्येकासमोर लिहा की याचा खरा आकडा कुठे राहणार. शिल्लक माल वेबसाइटवर २०, टॅलीत १७ आणि गोदामात १४ असेल तर तुमच्याकडे तीन सॉफ्टवेअरं आहेत आणि माहिती एकही नाही. एका गोष्टीचा खरा आकडा एकाच जागी राहील, बाकीच्यांनी तिथून उचलायचा. पुढची सगळी निवड यावरच करायची आहे. एखादं साधन कितीही देखणं असो, ते या एका जागेशी आपणहून बोलत नसेल तर ते आपल्या कामाचं नाही.

दुकान कुठे मांडायचं

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं साधं अ‍ॅप फुकट आहे आणि लोक ते पुरतं वापरत नाहीत. कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात, चॅटला लेबलं लावता येतात ("पैसे बाकी", "पाठवलं"), ठरलेली उत्तरं साठवता येतात. मर्यादा प्रसारण यादीची (ब्रॉडकास्ट लिस्टची): एका यादीत २५६ जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. शिवाय शिल्लक माल हे अ‍ॅप मोजत नाही.

स्वतःची वेबसाइट करायची तर मुख्य रस्ते दोन. शॉपिफायसारखी भाड्याची जागा: महिन्याचं भाडं भरा, सर्व्हर आणि सुरक्षेची चिंता त्यांची. पण भाड्याशिवाय प्लॅननुसार ऑर्डरीमागे व्यवहार शुल्कही लागू शकतं, ते गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेच्या) शुल्काहून वेगळं. अ‍ॅप्सचं भाडं आणखी वेगळं. झोहो कॉमर्स आणि 'दुकान' (Dukaan) नावाची सेवा हे याच जातीतले देशी पर्याय. दुसरा रस्ता वर्डप्रेसवरचं वू-कॉमर्स: मूळ प्लगइन फुकट, पण होस्टिंग (साइट ठेवायची जागा), डोमेन (साइटचं नाव), बॅकअप आणि अपडेट तुमच्या गळ्यात. घरात किंवा हाकेच्या अंतरावर हे सांभाळणारं कुणी नसेल तर वू-कॉमर्सच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फुकटचं म्हणून घेतलेली साइट ऐन दिवाळीत बंद पडली आणि बनवून देणारा पोरगा पुण्याला नोकरीला लागलेला असला, तर कुणाला फोन करणार?

अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर विकत असाल तर विका. फक्त तिथलं गिऱ्हाईक त्यांचं असतं, त्याचा नंबर तुमच्या वहीत येत नाही.

कोणताही रस्ता धरा, मराठीची परीक्षा आधी घ्या. वस्तूंची जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर साइटवर टाकल्यावर तिचा कचरा होतो. आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. मग "ज्ञानेश्वर कृष्णा" अशा नावाने एक खोटी ऑर्डर टाका आणि तिचं पीडीएफ बिल उघडा. बऱ्याच परदेशी साधनांत स्क्रीनवर नाव नीट दिसतं आणि बिलावर जोडाक्षर फुटतं किंवा रिकामे चौकोन येतात. साइटच्या शोधात "हळद" टाकून पाहा, "हळद पावडर" टाकून पाहा, आणि लोक इंग्रजी अक्षरांत लिहितात तसंही टाकून पाहा. तिन्हींना तोच माल सापडला पाहिजे.

एक गोष्ट आजच तपासा: डोमेन कुणाच्या नावावर आहे? साइट करून देणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलं असेल तर दुकान तुमचं आणि पाटी त्याची.

पैसे घेण्याची सोय

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अ‍ॅप्स फिरतात, आणि गर्दीच्या दिवशी प्रत्येक रक्कम बँकेत पडताळायला कुणाला वेळ नसतो. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, फोनपे यांच्यासारखा गेटवे लावला की पैसे आल्याची खात्री झाल्यावरच ऑर्डर पक्की होते. साधन घ्यायचं ते यासाठी.

खर्चाचा हिशेब साधा आहे. २ टक्के शुल्क धरलं तर ७९९ रुपयांच्या कार्डावरच्या ऑर्डरीमागे १५.९८ रुपये शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी २.८८, म्हणजे १८.८६ रुपये गेले. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर (व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क) शून्य आहे. तरी काही गेटवे "प्लॅटफॉर्म फी" या नावाने वेगळं घेतात. यूपीआयवर नेमकं किती कापणार, हे लेखी मागा. सोबत विचारा की पैसे किती दिवसांत खात्यात येतील आणि गिऱ्हाइकाला परतावा दिला तर तुमचं शुल्क परत मिळेल का.

गेटवेच्या मंजुरीला साइटवर परतावा, पाठवणी आणि गोपनीयतेची पानं लागतात, संपर्काचा पत्ता लागतो. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांमुळेही विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि तक्रार कुणाकडे करायची हे दाखवावंच लागतं. दुसऱ्याच्या साइटवरून ही पानं जशीच्या तशी उचलू नका. मी अशा पानांवर मुंबईच्या कपड्याच्या दुकानाचं नाव आणि खाली लोणच्याचा फोटो पाहिलाय.

कुरिअर: नफा खरा इथे गळतो

शिपरॉकेट, निंबसपोस्ट, आयथिंक लॉजिस्टिक्स यांसारखे मध्यस्थ एका खात्यातून अनेक कुरिअर कंपन्या देतात आणि दर शेजारी शेजारी दाखवतात. ऑर्डर साइटवरून आपोआप तिथे गेली पाहिजे आणि ट्रॅकिंग नंबर आपोआप परत आला पाहिजे, ही पहिली अट. आपल्याकडे मात्र खरी परीक्षा पिनकोडची. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड शहरांत सगळेच पोचतात. किनवट, पाटोदा किंवा भूम तालुक्यातल्या गावांचं काय? मागच्या सहा महिन्यांतले गावांकडचे वीस पत्ते काढा आणि करार करण्याआधी त्यांचे पिनकोड टाकून पाहा. पोचतं की नाही, आणि सीओडी (माल हातात पडल्यावर पैसे) आहे की नाही, हे दोन्ही बघा, कारण अनेक पिनकोडवर माल जातो पण रोख घेतली जात नाही. जिथे कुणीच जात नाही तिथे पोस्ट जातं, म्हणून स्पीड पोस्टचा रस्ता उघडा ठेवा.

पत्त्याचा फॉर्म हाही सॉफ्टवेअरचाच भाग आहे. परदेशी फॉर्ममध्ये "पत्ता ओळ १, ओळ २, शहर" एवढंच असतं. गावातलं गिऱ्हाईक लिहितं: "मारुती मंदिराजवळ, पिंपळगाव". मराठवाड्यात पिंपळगावं किती आणि मारुती मंदिरं किती! एका पिनकोडखाली अनेक गावं असतात. म्हणून गाव, पोस्ट, तालुका अशा वेगळ्या रकान्यांची सोय ज्यात करता येते तेच साधन घ्या. फोन नंबर दहा आकडी आणि सक्तीचा, जमलं तर दुसरा नंबरही. जिल्ह्यांची यादीही उघडून बघा. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ पासून अधिकृत आहेत, पण काही यादींत जुनीच सापडतात. साइटवर एक नाव आणि कुरिअरकडे दुसरं असलं की ऑर्डर मध्येच लटकते.

वजनाचं गणित सेल्सवाला सांगत नाही. कुरिअर खोक्याचं वजन दोन प्रकारे बघतं: काट्यावरचं, आणि आकारमानाचं, म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, साधारणपणे भागिले ५०००. जे जास्त, त्याचे पैसे. ३० बाय २० बाय २० च्या खोक्यात एक किलो हळद टाकली तर आकारमानाचं वजन निघतं २.४ किलो. घरात पडलेलं मोठं खोकं वापरून वाचवलेले दहा रुपये असे दामदुपटीने जातात. वजनावरून वाद झाला तर पॅक केलेल्या खोक्याचा काट्यावरचा फोटो ऑर्डरीला जोडता येतो का, हे विचारा.

आता सीओडी. आपल्या भागात ते बंद करून चालत नाही, नवीन गिऱ्हाईक हातात माल पडल्याशिवाय पैसे सोडत नाही. पण आकडे मांडून बघा. धरा, एका ऑर्डरीमागे सगळं जाऊन ९० रुपये उरतात. पार्सल परत आलं तर जायचे ७०, यायचे ६०, पॅकिंगचे १५, मिळून १४५ रुपये पाण्यात. दहांतली दोन परत आली तर आठ ऑर्डरींचे ७२० मिळाले, २९० गेले, उरले ४३०. म्हणजे कागदावरचा ९० चा नफा दहा ऑर्डरींवर वाटला तर ४३ वर आला. हे टाळायला सॉफ्टवेअरमध्ये चार सोयी शोधा: सीओडीची ऑर्डर ओटीपीने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पक्की करून घेणं, शंभर-पन्नास रुपये आगाऊ घेणं, ठरावीक पिनकोडला सीओडी बंद करणं, आणि आधी पैसे भरणाऱ्याला सूट देणं. पार्सल पोचलं नाही तर त्याची खबर तुम्हाला त्याच दिवशी कळली पाहिजे. "ताई, आज डिलिव्हरी बॉय येऊन गेला म्हणे, उद्या घरी कुणी असेल का?" असा आपल्या भाषेतला एक फोन अनेक पार्सलं वाचवतो. खबर तीन दिवसांनी आली तर फोन करून उपयोग नाही.

मालाचा हिशेब: तुमचा माल कोणत्या जातीचा?

पैठणी विकणाऱ्याचा प्रत्येक नग एकटा असतो. रंग, काठ, पदर सगळं वेगळं, शिल्लक एक. पैठणच्या दुकानात ती साडी गिऱ्हाइकाने उचलली की साइटवरून त्याच घटकेला उतरली पाहिजे. अशा माणसाला काउंटरचं बिलिंग आणि साइट एकाच जागेतून माल उचलणारी लागते. "दर तासाला जुळवणी होते" असं ऐकलं तर उठून या.

हळद-डाळीवाल्याचं दुखणं वेगळं. माल आहे ५० किलोच्या पोत्यात आणि विक्री होते २०० ग्रॅम, अर्धा किलो, किलोच्या पाकिटांत. साधं सॉफ्टवेअर पाकिटं मोजतं, पोतं त्याला दिसत नाही. त्यामुळे साइट म्हणते अर्धा किलो संपली, आणि गोदामात तीन पोती पडून. इथे "एकत्र वस्तू" किंवा "रिपॅकिंग"ची सोय हवी: दहा किलो फोडले, वीस पाकिटं झाली, अशी नोंद करता आली पाहिजे, सोबत थोडी तूटही. खाण्याच्या मालाला बॅच नंबर आणि मुदतीची तारीख लागतेच, आणि आधी संपणारी बॅच आधी बाहेर निघेल अशी सूचना सॉफ्टवेअरने द्यावी.

केसर आंबा विकणाऱ्याचं तर शिल्लक मालावर भागतच नाही. त्याला आगाऊ नोंदणी हवी: पेटी नोंदवा, पाठवणीची तारीख नंतर कळवू. अवकाळी झाली तर शंभर जणांची तारीख एकदम पुढे ढकलता आली पाहिजे आणि सगळ्यांना मेसेज गेला पाहिजे.

शे-दीडशे वस्तू आणि एकच विक्रीची जागा असेल तर साइटमधली मालाची सोय पुरते. दोन-तीन जागी विकत असाल तर झोहो इन्व्हेंटरी, युनिकॉमर्स, ईझीइकॉम अशी वेगळी साधनं येतात. त्यांतली मोठी साधनं महिन्याला हजारो ऑर्डरींसाठी बनलेली आहेत. दोनशे ऑर्डरींना ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आणि कोणतंही साधन घेण्याआधी प्रत्येक मालाला कायमचा सांकेतिक क्रमांक द्या. "हळद नवीन", "हळद चांगली", "हळद २" अशी नावं असलेली यादी जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर सुधारून देणार नाही.

बिल आणि हिशेब: आधी सीएला विचारा

तुमचे सीए टॅलीवर काम करत असतील तर तुमच्या साधनातून टॅलीत नोंदी जातात का, हे पहिलं विचारा. नाही तर दर महिन्याला कुणीतरी बसून सगळी बिलं पुन्हा मारणार आणि त्याची फी तुम्ही देणार. 'व्यापार' अ‍ॅप, झोहो बुक्स, बिझी हेही चालतात. निवड सीएच्या साक्षीने करा.

जीएसटीची एक गोष्ट ऑनलाइनवाल्यांच्या लक्षात येत नाही. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी लागत नाही, पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सवलत आहे. तुमची वस्तू त्यात बसते का ते सीए सांगतील. नांदेडहून तेलंगण आणि लातूरहून कर्नाटक हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे नोंदणी होईपर्यंत साइटवर पाठवणी महाराष्ट्रापुरती बांधून ठेवता आली पाहिजे. नोंदणीनंतर पत्त्यावरचं राज्य बघून सॉफ्टवेअरने स्वतः ठरवावं: महाराष्ट्रात सीजीएसटी-एसजीएसटी, बाहेर आयजीएसटी.

दर बदलले तर काय होतं, हेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तुपासारखा माल १२ वरून ५ टक्क्यांवर आला. चांगल्या साधनात तारीख टाकून नवा दर लावता येतो आणि जुनी बिलं जुन्याच दराने राहतात. वाईट साधनात दर बदलला की मागची बिलंही बदलतात. डेमोमध्ये हे करून दाखवायला सांगा.

सगळ्यात किचकट काम पैसे जुळवण्याचं. कुरिअर सीओडीचे पैसे आठवड्याने, आपलं भाडं कापून, पन्नास ऑर्डरींचे एकत्र टाकतं. गेटवे शुल्क कापून टाकतो. बँकेत आकडा दिसतो ३१,४२७ रुपये, त्यात कुणाकुणाचे पैसे आले? ऑर्डरवार जमा-अहवाल जे साधन देत नाही, ते नाकारा. न मिळालेले सीओडीचे पैसे या एका अहवालातच सापडतात.

मेसेज आणि जाहिराती

थोडक्यात सांगतो. एका नंबरवर दोन-तीन जण उत्तरं देत असतील तर साध्या अ‍ॅपलाही चार जोडलेली उपकरणं चालतात. त्यापुढे व्हॉट्सअ‍ॅपची एपीआय सेवा येते, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप थेट आपल्या सॉफ्टवेअरला जोडायची सोय. तिथे जुलै २०२५ पासून मेसेजमागे आकारणी आहे, आणि जाहिरातीचा मेसेज ऑर्डरीच्या सूचनेपेक्षा महाग. सूचना आधी सुरू करा ("पार्सल निघालं", "आज पोचेल"), त्यानेच "कुठं अडकलं" चे फोन कमी होतात. एसएमएस पाठवायचे तर डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) नाव आणि मजकूर नोंदवावा लागतो. ईमेलच्या मागे लागू नका, आपलं गिऱ्हाईक ईमेल उघडत नाही.

आता सेल्सवाल्याला फोन करू द्या

डेमो त्याच्या तयार मालावर बघू नका. फुकट चाचणीचे दिवस घ्या आणि स्वतःच्या खऱ्या ऑर्डरी चालवा: एक आधी पैसे भरलेली, एक सीओडी, एक रद्द झालेली, एक परत आलेली, एक हैदराबादची, एक काउंटरवरची, आणि एक जिच्यात गिऱ्हाइकाने अर्धा माल बदलून मागितला. शेवटच्या दोघींवर बहुतेक साधनं अडतात. ही चाचणी रोज पॅकिंग करणाऱ्या माणसाकडून करून घ्या, तुम्ही नुसते शेजारी बसा. लाइट गेल्यावर आणि फोनच्या हॉटस्पॉटवर काम चालतं का तेही त्याच दिवसांत कळेल. आपल्याकडे ही परीक्षा मुद्दाम घ्यावी लागत नाही.

मग विचारायचं ते:

- माल, गिऱ्हाईक आणि ऑर्डरींची पूर्ण यादी मला केव्हाही सीएसव्हीमध्ये काढता येईल का? काढून दाखवा. (एक्सेलमध्ये थेट उघडली तर मराठी अक्षरं बिघडलेली दिसतात, डेटा मेनूतून आयात करून युटीएफ-८ निवडलं की नीट येतात.)
- ऑर्डरी दुप्पट झाल्या तर दर किती? वाढीव वापरकर्त्याचे किती?
- रात्री आठला अडलं तर फोन कोण उचलतं, आणि हिंदी-मराठीत बोलतं का?
- प्रत्येक कामगाराला वेगळा लॉगिन आणि मर्यादित अधिकार देता येतात का?

या शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होतं. सगळे एकाच पासवर्डवर, आणि ओटीपी जातो पुतण्याच्या मोबाइलवर. पुतण्या लग्नाला गेला की दुकान बंद.

किंमत महिन्यावर नका मोजू, ऑर्डरीवर मोजा, तीही मंद महिन्यातल्या. महिन्याचे २,५०० रुपये ३०० ऑर्डरींवर साधारण सव्वाआठ रुपये पडतात, ४० ऑर्डरींवर साडेबासष्ट. हंगामी माल विकणाऱ्याने पहिल्या वर्षी वार्षिक प्लॅन घेऊच नये, सूट कितीही असो. तीन महिने दरमहा जास्त द्या, मग ठरवा.

बदल करायला मंद दिवस निवडा. साड्यावाल्याला आषाढ बरा, लग्नसराई संपलेली असते. आंबेवाल्याने एप्रिलला हात लावू नये. बिलांची नवी मालिका १ एप्रिलपासून सुरू होते म्हणून डाळी-मसाल्यावाल्यांना ती तारीख सोयीची. बिल क्रमांक १६ अक्षर-आकड्यांच्या आत आणि त्या वर्षात पुन्हा न येणारा हवा, हे नव्या साधनात आधीच बसवून घ्या. आदल्या रात्री माल हाताने मोजा आणि तोच आकडा भरा, जुन्या सॉफ्टवेअरमधला नको.

जुनं साधन लगेच बंद करू नका. शेवटचं सीओडीचं पार्सल पोचून त्याचे पैसे येईपर्यंत ते चालू ठेवा. बंद करण्याआधी सगळी बिलं, परताव्याच्या नोंदी आणि जमा-अहवाल उतरवून दोन ठिकाणी ठेवा. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि प्लॅन संपल्यावर बऱ्याच कंपन्या काही दिवसांत खातं पुसून टाकतात.